बर्फाला घाम फुटू द्या

मे महिन्यात अनेक घरांत एक खोकं येतं. त्यात बर्फ किसायचं इलेक्ट्रिक मशीन असतं, सोबत प्लॅस्टिकचे एकदोन साचे आणि रंगीत फोटोंची पुस्तिका. मुलं टेबलाभोवती जमतात. फ्रीजरमधला बर्फ थेट मशीनमध्ये जातो, कडकड आवाज होतो आणि खालच्या वाटीत खडे पडतात. दाताखाली कचकचणारे, एकमेकांना न धरणारे. वरून ओतलेलं सरबत क्षणात तळाशी जाऊन बसतं आणि वर पांढरे फटफटीत दाणे उरतात. दोनतीनदा असं झालं की मशीन माळ्यावर जातं.

बहुतेक वेळा त्या मशीनची काही चूक नसते. घरच्या फ्रीजरचं तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सिअस असतं. इतका गार बर्फ ठिसूळ असतो; पातं लागलं की तो तासला जात नाही, फुटतो. तोच बर्फ शून्याच्या जवळ, उणे तीन-चार अंशांपर्यंत आला की पात्याखालून त्याची पातळ, सलग साल निघते. ती साल वाटीत अलगद साठते, सरबत धरून ठेवते आणि जिभेवर टेकताच विरते. खडे आणि भुरभुरीत बर्फ यांच्यातलं अंतर कित्येकदा फक्त दहा-पंधरा मिनिटांचं असतं, आणि घरच्या बर्फमिठाईतली ही पहिली गोष्ट नेमकी पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते.

रस्त्यावरच्या गोळेवाल्याला हे कधी शिकवावं लागलं नाही. त्याची लादी सकाळी कारखान्यातून येते, गोणपाटात गुंडाळून गाडीवर बसते आणि दिवसभर उन्हाच्या झळा खात हळूहळू पाझरत राहते. ती लादी कायम शून्य अंशाच्या आसपासच असते. सुताराच्या रंध्यासारखं पातं बसवलेल्या फळीवर तो फडक्यात धरलेला बर्फ घासायचा, पुढे हाताने फिरवायचं चाक आलं, पण दोन्हीत बर्फ तोच होता: ओला, तुकतुकीत, पात्याला वश झालेला. घरी फ्रीजर आला आणि आपला बर्फ गरजेपेक्षा जास्त गार झाला.

घरात फ्रीजर येण्याआधी बर्फाचं हे रूप सगळीकडे सारखंच होतं. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला. मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ मे महिन्यात निघाला, चार महिन्यांनी सप्टेंबरात पोहोचला, आणि विषुववृत्त ओलांडूनही त्यातला सुमारे शंभर टन शिल्लक होता. मुंबई आणि मद्रासलाही हा व्यापार पुढे पोहोचला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरचं त्या काळचं बर्फघर आजही उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज त्या वास्तूला त्यांचं नाव आहे. बर्फ एवढा टिकला याचं रहस्य त्याच्या आकारात आहे. मोठ्या ठोकळ्याचं आकारमान खूप आणि त्या मानाने हवेला उघडा पृष्ठभाग कमी. किसताना आपण याच्या बरोबर उलटं करतो, ते पुढे पाहू.

किसलेला बर्फ ही खाण्याची गोष्ट म्हणून एक फार जुनी लिखित खूण जपानकडे आहे. इसवी सनाच्या १००० च्या सुमारास क्योतोच्या राजदरबारातल्या सेई शोनागोन या लेखिकेने 'माकुरा नो सोशी' या पुस्तकात आपल्याला देखण्या, नजाकतीच्या वाटणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. त्यात नव्या धातूच्या वाटीत घातलेला, वेलीपासून काढलेल्या गोड पाकातला किसलेला बर्फ आहे. हिवाळ्यातला बर्फ डोंगरातल्या बर्फघरांत उन्हाळ्यापर्यंत जपायचा म्हणजे ते सामान्य माणसाचं काम नव्हतं. सामान्यांच्या हाती तो आला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि १८८७ मध्ये मुराकामी हानझाबुरो यांनी बर्फ तासायचं यंत्र तयार केलं. आज तिथे या पदार्थाला काकिगोरी म्हणतात आणि २५ जुलै हा त्याचा दिवस मानतात. हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या जपानी मजुरांनी तो समुद्रापार नेला. ओआहू बेटावरच्या हालेइवा गावात १९५१ पासून चाललेलं मात्सुमोतो यांचं दुकान त्याच वाटेवरचं.

जपानी दुकानांतलं बिडाचं जुनं यंत्र पाहिलं की घरच्या मशीनचं गणित कळतं. वरून खिळ्यांची चकती बर्फाच्या ठोकळ्यात रुतते आणि ठोकळ्याला गोल फिरवते. खाली एक पातं पक्कं बसवलेलं असतं, त्याची धार पृष्ठभागाच्या किंचित वर येते. बर्फ फिरतो, पातं हलत नाही. पात्याची उंची एका स्क्रूने कमीजास्त करता येते आणि त्यावर सालीची जाडी ठरते. घरगुती इलेक्ट्रिक मशीनपैकी चांगल्या मशीनमध्ये हीच रचना छोटी करून हँडलऐवजी मोटर लावलेली असते. अशा मशीनबरोबर गोल साचे येतात, कारण त्याला एकसंध ठोकळा लागतो.

दुसऱ्या प्रकारच्या मशीनमध्ये ट्रेमधले खडे चालतात. तिथे फिरत्या चकतीवर पाती असतात आणि खडे त्यांच्यावर आपटत, उड्या मारत कापले जातात. खडा स्थिर नसला की साल सलग निघत नाही. कधी कोपरा तुटतो, कधी नुसतं खरवडलं जातं. लिंबू सरबतात किंवा उसाच्या रसात घालायला हा बर्फ छान, पण वाटीत डोंगर रचायचा तर साच्याचं मशीन घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मिक्सरच्या भांड्यात बर्फ नुसता ठेचला जातो. त्यात पीठही होतं आणि गुठळ्याही राहतात. मशीन घेताना तीन गोष्टी बघाव्यात: पातं वरखाली करता येतं का, जास्तीचे साचे मिळतात का, आणि बोथट झाल्यावर पातं बदलता येईल का. मोटर किती वेळ सलग चालवायची याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. ती जरूर पाळावी, कारण घरगुती मोटर पटकन तापते.

आता बर्फाकडे येऊ.

पाणी गोठताना त्याचे रेणू ठरावीक जाळीत बसतात. त्या जाळीत विरघळलेल्या हवेला आणि क्षारांना जागा नसते, म्हणून गोठणारी कड त्यांना पुढे ढकलत नेते. ट्रेमध्ये किंवा साच्यात बर्फ चहूबाजूंनी गोठत आत येतो, त्यामुळे हवा शेवटी मधोमध कोंडते आणि खड्याच्या पोटात पांढरा, बुडबुड्यांचा गाभा तयार होतो. पातं त्या गाभ्यात शिरलं की साल तुटते. काकिगोरीच्या दुकानांत म्हणूनच काचेसारखा पारदर्शक बर्फ वापरतात. घरी तसा बर्फ करायची युक्ती सोपी आहे. साचा थर्माकोलच्या डब्यात चपखल बसवायचा, बाजू आणि बूड झाकायचं आणि फक्त वरचं तोंड उघडं ठेवायचं. मग गार हवा फक्त वरून लागते, बर्फ वरून खाली गोठत जातो आणि बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. तळाचं शेवटचं बोटभर पाणी गोठायच्या आत साचा बाहेर काढून ते ओतून टाकलं की राहिलेला ठोकळा नितळ असतो. पाणी आधी उकळल्याने पारदर्शकतेत थोडासाच फरक पडतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून साचा काठोकाठ भरू नये, नाहीतर झाकण फुटतं.

पाणी मात्र पिण्याचंच हवं, याबाबत हयगय नको. गोठवल्याने जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. विषमज्वराचे जंतू आणि कावीळ करणारा हिपॅटायटिस 'ए'चा विषाणू बर्फात टिकून राहू शकतात आणि बर्फ वितळला की पुन्हा आपल्या पोटात जातात. मासे आणि भाजी थंड ठेवायला जो औद्योगिक बर्फ होतो तो खाण्यासाठी नसतोच. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. घरी बर्फ किसण्याचं मला पटलेलं सर्वांत मोठं कारण हेच आहे. गोळ्याची चव मुलांना मिळावी आणि पाण्याची काळजी आपल्या हातात राहावी.

ठोकळा तयार झाला, आता त्याला थांबू द्यायचं. साच्यातून काढलेला ठोकळा ताटलीत ठेवा आणि नीट बघा. आधी त्याच्यावर पांढुरका, कोरडा थर दिसतो. हवेतली वाफ त्याच्यावर हिमकणांसारखी बसलेली असते आणि बोट लावलं तर चिकटतं. थोड्या वेळाने तो थर विरतो, पृष्ठभाग काळसर चमकू लागतो, कडा ओल्या होतात, ताटलीत थोडं पाणी जमतं. बर्फाला घाम फुटला की तो किसायला तयार झाला. मुंबईच्या मे महिन्यात याला दहा मिनिटं पुरतात, नाशिकच्या थंडीत वीस लागतील. घड्याळाकडे पाहू नका, त्या चमकेकडे पाहा.

यात बर्फ वाया जाईल अशी भीती वाटते, पण हिशेब मांडून पाहू. अर्धा किलोच्या ठोकळ्याला उणे १८ वरून उणे ३ अंशांपर्यंत आणायला सुमारे १६ किलोज्यूल उष्णता लागते. तोच ठोकळा पूर्ण वितळवायला सुमारे १६७ किलोज्यूल लागतात, म्हणजे दहापटीहून जास्त. बर्फ गरम होतो झटकन, वितळतो सावकाश. शिवाय बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळपास चौपट सहजतेने वाहते, त्यामुळे ठोकळा बाहेरून ओला होईपर्यंत त्याच्या गाभ्याचाही गारठा बराच उतरलेला असतो. पृष्ठभागावर सुटलेलं पाणी एवढाच आपला खर्च.

ओल्या पृष्ठभागाचा आणखी एक उपयोग आहे. शून्याच्या थोडं खालीसुद्धा बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू जाळीत घट्ट बसलेले नसतात, ते पाण्यासारखे मोकळे असतात. मायकल फॅरडे यांनी १८५० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं होतं की बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना नुसते टेकवले तरी ते जुळून एक होतात. काडीभोवती दाबलेला गोळा सुटत नाही तो याच कारणाने. हाताच्या दाबाने बर्फ वितळून पुन्हा गोठतो असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण एका वातावरणाइतक्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा खाली येत नाही. तळहाताच्या दाबाने काय होणार? खरं काम त्या मोकळ्या थराचं आहे. कोरड्या, कडक बर्फाचा चुरा म्हणूनच कितीही दाबला तरी बांधला जात नाही.

आणि किसल्यानं नेमकं काय होतं? एक ग्रॅम बर्फाचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेसहा चौरस सेंटिमीटर. त्याच एका ग्रॅमची मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पातळ साल काढली तर दोन्ही बाजू मिळून दोनशे चौरस सेंटिमीटरांहून जास्त. सरबताला चिकटायला तीसपट जागा मिळाली. सालींमधल्या बारीक फटींत ते ओढलं जातं आणि तिथेच राहतं. जिभेवर एवढा पृष्ठभाग एकदम टेकतो म्हणूनच तो विरघळल्याचा भास होतो. ट्यूडर यांचा बर्फ ठोकळ्याने वाचवला, आपला बर्फ सालीने खाण्याजोगा केला.

पृष्ठभाग वाढला की वितळणंही वाढतं, आणि इथे बहुतेक घरांत दुसरी चूक होते: सरबत खोलीच्या तापमानाचं असतं. अर्धी साखर आणि अर्धं पाणी असलेला ५० ग्रॅम पाक ३० अंशांवर असेल तर तो थंड होता होता बारा-तेरा ग्रॅम बर्फ वितळवतो. फ्रीजमधला पाच अंशांचा पाक दोनच ग्रॅम वितळवतो. वाटीसुद्धा आधी फ्रीजमध्ये ठेवावी. आणि सगळं सरबत शेवटी वरून ओतू नये. वाटीत थोडा बर्फ किसायचा, चमचाभर पाक फिरवायचा, पुन्हा बर्फ, पुन्हा पाक, असे तीन थर. हाताने दाबायचं नाही. मशीनखाली वाटीच फिरवत राहायची म्हणजे साली एकमेकींवर हलक्या पडतात.

पाक मात्र पन्ह्यापेक्षा बराच गोड हवा. जीभ गार पडली की गोडी कमी जाणवते. आपल्या चवग्रंथींतल्या गोडी ओळखणाऱ्या पेशींत 'टीआरपीएम-५' नावाचं एक प्रथिन असतं, ते ऊबदार असताना जास्त जोमाने काम करतं आणि थंडीत मंदावतं. वितळणारा बर्फ वर पाणी घालत असतोच. म्हणून चाखताना जीव नकोसा होईल इतका गोड पाक बर्फावर बरोबर लागतो. आंबटपणा आणि मीठ थंडीतही टिकून राहतात, आणि गोळेवाल्याच्या काला खट्ट्यात जांभूळ, लिंबू, काळं मीठ आणि जिरं एकत्र का असतात याचं उत्तर इथे मिळतं.

विकतच्या भडक बाटल्यांपेक्षा आपल्याकडे किती चांगलं सामान पडून आहे! कोकणात एप्रिल-मेमध्ये रातांब्यांच्या सालींवर साखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवतात. साखर सालींतला रस ओढून घेते आणि दाट, गडद लाल अमृत कोकम तयार होतं. पाण्यात मिसळायचं म्हणून केलेला हा पाक किसलेल्या बर्फावर तसाच, न पातळ करता घालावा. वरून चिमूटभर जिरेपूड आणि काळं मीठ. माझ्या मते बर्फासाठी याच्याइतका योग्य दुसरा पाक नाही. आगळ मात्र या कामाला नको, त्यात मीठ फार असतं. कैरी उकडून गर चाळणीतून काढला, त्यात वजनाने दुप्पट गूळ आणि वेलची घातली की पन्ह्याचा दाट पाक होतो. गराच्या दाटपणामुळे तो पाझरत नाही, बर्फावर बसून राहतो. जूनमध्ये जांभळं आली की बिया काढून गर साखरेत पाच मिनिटं शिजवायचा, गाळायचा, लिंबू पिळायचं. हा रंग मुलांच्या जिभेवर संध्याकाळपर्यंत राहतो, आणि तो खरा रंग असतो.

ज्यांना मलई गोळा आवडतो त्यांनी पाण्याच्या बर्फावर रबडी ओतण्याआधी तैवान आणि कोरियाची रीत करून पाहावी. तिथे दूधच गोठवून किसतात. अर्धा लिटर दूध आटवून पाऊण भाग ठेवायचं, त्यात ७० ग्रॅम साखर, केशर आणि वेलची घालून पूर्ण थंड झाल्यावर साच्यात ओतायचं. साखरेमुळे यातलं काही पाणी उणे १८ अंशांवरही गोठत नाही, त्यामुळे ठोकळा मुळातच मऊ असतो आणि मशीनमधून त्याच्या रिबिनी निघतात. याला घाम फुटेपर्यंत थांबायचं नाही. दोनतीन मिनिटांत किसायला घ्यायचं, नाहीतर पात्याखाली लगदा होतो. वर भाजलेल्या बदामाचे काप, हवं तर शिजवलेले साबुदाण्याचे मोती. कोरियात यावर गोड शिजवलेली लाल चवळीसारखी कडधान्यं घालतात. आपल्याला ती नवखी वाटतील, पण थंड दुधाच्या सालीबरोबर मऊ दाणा दाताखाली येतो तेव्हा ती रीत पटते.

जेवढं खायचं तेवढंच किसावं. उरलेला बर्फ फ्रीजरमध्ये परत ठेवला तर त्या सगळ्या साली फॅरडेंच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना जुळून सकाळपर्यंत एकच दगड होतो. ठोकळ्याचा उरलेला भाग मात्र झाकणाच्या डब्यात ठेवावा, नाहीतर त्याला शेजारच्या मासळीचा किंवा कांद्याचा वास लागतो. मशीनचा प्लग काढून मग पातं धुवायचं, कधीही बोटाने चाचपायचं नाही, आणि दुधाचा बर्फ किसला असेल तर लगेच कोमट पाण्याने, कारण पात्याच्या खाचेत राहिलेलं दूध रात्रीतून आंबतं. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, उघडं ठेवून पूर्ण वाळवायचं आणि मगच झाकण लावायचं.